जग नेमकं कधी थांबतं? ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’, १९५१ आणि २००८

तुम्ही विचारलंत ते असं: ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ या नावाचे दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले, १९५१चा रॉबर्ट वाइज यांचा आणि २००८चा स्कॉट डेरिकसन यांचा. जुन्यातला यंत्रमानव म्हणजे रबरी पोशाख घातलेला माणूस, नव्यातला संगणकावर घडवलेला अजस्र. तरीही जुना मनातून जात नाही आणि नवा दोन दिवसांत पुसट होतो. हा नुसता जुन्याचा ओढा आहे, की संकलकाला इथे काही वेगळं दिसतं?

दिसतं. संकलनाच्या टेबलावर माझी तीसेक वर्षं गेली आणि त्यातली बरीच वर्षं मी शिकवतही आलोय. वर्गात ही जोडी मी दर वर्षी दाखवतो, कारण एकाच गोष्टीचे सांधे कुठे बसवले तर ती उभी राहते आणि कुठे बसवले तर लंगडते, हे इतकं स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. वॉशिंग्टनमध्ये एक उडती तबकडी उतरते. तिच्यातून क्लाटू बाहेर येतो, दिसायला माणसासारखा, आणि त्याच्या मागोमाग गॉर्ट हा यंत्रमानव. क्लाटू आणलेली भेट पुढे करतो, एक घाबरलेला सैनिक गोळी झाडतो, क्लाटू जखमी होतो आणि भेट मोडून पडते. त्याला सगळ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींशी एकत्र बोलायचं असतं, पण राष्ट्रं एका जागी जमायलाच तयार नाहीत. तो रुग्णालयातून निसटतो, नाव बदलतो आणि भाड्याने खोल्या देणाऱ्या एका घरात राहू लागतो. तिथे त्याची हेलन बेन्सन आणि तिचा लहान मुलगा बॉबी यांच्याशी ओळख होते. त्याचा निरोप साधा आणि कठोर आहे: आपसात काय भांडायचं ते भांडा, पण ही हिंसा अणुशक्तीसह अवकाशात आणलीत तर तुमच्या पृथ्वीची राख होईल. सोव्हिएत संघाने १९४९मध्ये पहिली अणुचाचणी केली होती आणि १९५०पासून कोरियात युद्ध पेटलं होतं. त्या प्रेक्षकाला ही धमकी समजावून सांगावी लागत नव्हती.

२००८मध्ये तबकडीच्या जागी चमकता गोल आला, वॉशिंग्टनच्या जागी न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आलं, आणि युद्धाच्या जागी पर्यावरणाचा नाश आला. क्लाटू पृथ्वीला वाचवायलाच आलाय, पण माणसापासून. या बदलाला माझी अजिबात हरकत नाही. प्रश्न बदलणं हा रिमेक करण्याचा सगळ्यात प्रामाणिक हेतू असतो. अडचण अशी की इथे प्रश्न बदलला आणि सांगाडा जुनाच ठेवला. उतरणं, गोळी, पळून जाणं, आई आणि मुलगा, फळ्यापाशी उभा असलेला शास्त्रज्ञ, यंत्रमानव, थांबलेलं जग हे सगळं जसंच्या तसं हजर आहे. फक्त प्रत्येक गोष्टीला आता वेगळं काम करायचंय, आणि तिची जागा त्या कामाची नाही.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ज्या घटनेवरून चित्रपटाला नाव मिळालं तिथे, म्हणजे जग थांबतं त्या क्षणी.

१९५१मध्ये जग चित्रपटाच्या मध्यावर थांबतं, शेवट अजून बराच लांब असताना. प्राध्यापक बार्नहार्ट, म्हणजे तो फळ्यापाशी उभा असलेला शास्त्रज्ञ, क्लाटूला सुचवतात की लोकांना तुझ्या सामर्थ्याची प्रचीती येईल असं काहीतरी कर, पण विध्वंस नको. मग ठरलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता जगभरची वीज बंद पडते, अर्ध्या तासासाठी. रुग्णालयं आणि हवेतली विमानं तेवढी वगळून. हे वगळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पाहुण्याचं सामर्थ्य आपल्याला थांबलेल्या गाड्यांमधून कळतं, आणि त्याचा स्वभाव न थांबलेल्या विमानांमधून.

आता वाइज या प्रसंगाकडे कुठून जातात ते पाहा. बाराच्या ठोक्याला कॅमेरा कुठल्या युद्धकक्षात नसतो. तो एका लिफ्टमध्ये असतो, आणि लिफ्टमध्ये हेलन आणि क्लाटू दोघंच. दिवे जातात, लिफ्ट अडकते. हेलनला वाटतं, वीज गेली असेल. क्लाटू वेळ विचारतो आणि शांतपणे सांगतो की आपण आता अर्धा तास इथेच अडकणार. मग कट, आणि आपण जगभर फिरतो. शहरांमागून शहरं, ठप्प झालेली वाहतूक, गप्प झालेली यंत्रं, गाडीचं झाकण उघडून आत डोकावणारी माणसं. तिथून परत लिफ्टमध्ये येतो तेव्हा दोघांचं मुख्य बोलणं होऊन गेलेलं असतं. आपण कोण आहोत हे त्याने हेलनला सांगितलं ते आपण ऐकतच नाही. ते सांगणं त्या दोन कटांच्या मध्ये, बाहेर जग थांबलेलं असताना, आपल्या गैरहजेरीत घडलं. तिच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळतं की हिला आता सगळं माहीत आहे. जगातली सगळ्यात मोठी घटना आणि जगातली सगळ्यात लहान खोली एकमेकींना लावून ठेवायची, आणि जे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे ते पुन्हा ऐकवायचं नाही! हे काम करणारा माणूस दिग्दर्शक होण्याआधी संकलक होता. ‘सिटिझन केन’ वाइज यांनीच संकलित केला होता. वर्गात या कटपाशी मी चित्र थांबवतो आणि मुलांना विचारतो, त्याने तिला नेमकं काय सांगितलं असेल? प्रत्येकाकडे उत्तर असतं. चित्रपटात ते वाक्य नाही, तरी प्रत्येकाने ते ऐकलेलं असतं.

त्याच वेळी तिकडे बार्नहार्ट खिडकीतून थांबलेलं शहर पाहत असतात. आपल्या सहायिकेला ते विचारतात, या सगळ्याने तुला असुरक्षित वाटतंय का? ती हो म्हणते, आणि ते समाधानाने म्हणतात की बरं झालं. प्रयोगाचा निष्कर्ष सांगून झाला, एका छोट्या संवादात.

आणि मग परिणाम. लष्कर घाबरतं. क्लाटूला पकडण्याचा हुकूम बदलतो, आता तो जिवंत किंवा मृत चालेल. म्हणजे जगाला जागं करायला केलेली कृतीच त्याच्या मरणाचं कारण ठरते. ही घटना मध्यावर असल्यामुळेच तिला परिणाम मिळतात. त्या अर्ध्या तासानंतर माणसं काय करतात हाच उरलेला चित्रपट आहे.

२००८मध्ये जग शेवटी थांबतं. माणसांना संपवायला निघालेला सूक्ष्म यंत्रांचा थवा क्लाटू स्वतःचा जीव देऊन आवरतो, आणि त्याची किंमत म्हणून पृथ्वीवरची सगळी विद्युत यंत्रं बंद पडतात. मोजक्या दृश्यांत हे दाखवून होतं, गोल उडून जातो आणि चित्रपट संपतो. खरं तर इथे चित्रपट सुरू व्हायला हवा होता! विजेशिवाय माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतील, बदलतील की एकमेकांवर तुटून पडतील, हाच तर या चित्रपटाने विचारलेला प्रश्न होता. त्या क्षणी रुग्णालयांत काय झालं असेल? हवेत असलेल्या विमानांचं? १९५१च्या क्लाटूने याचा विचार धमकी देतानाही केला होता. २००८चा क्लाटू दया दाखवतोय, आणि चित्रपट तिकडे वळूनही बघत नाही. पटकथा हातात आली तेव्हाच हा सांधा हलवायला हवा होता. टेबलावर आल्यावर हे दुरुस्त होत नाही, कारण पुढचे प्रसंग चित्रितच झालेले नसतात.

दुसरा सांधा कबरीचा. दोन्ही चित्रपटांत मुलाचे वडील हयात नाहीत, आणि दोन्हींत पाहुणा त्या मुलाबरोबर कबरीपाशी जातो. १९५१मध्ये हे बऱ्यापैकी लवकर येतं. बॉबी त्याला आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानभूमीत नेतो. क्लाटू पाहतो तर एका कबरीभोवती रांगाच रांगा. हे सगळे युद्धांत मेले का, असं तो विचारतो. मुलगा सहज सांगतो, बहुतेक सगळे. मुलगा रडत नाही. त्याच्यासाठी ही नेहमीची जागा आहे, आणि त्या नेहमीच्या असण्यानेच काळजात कळ येते. तिथून ते लिंकनच्या स्मारकापाशी जातात, आणि दगडावर कोरलेलं भाषण वाचून क्लाटूला वाटतं की अशा माणसाशी आपल्याला बोलता आलं असतं. आरोप आणि बचाव दोन्ही एका दुपारच्या फेरफटक्यात मांडून होतात.

२००८मध्ये हीच कबर शेवटाकडे येते. मुलगा जेकब क्लाटूला विनवतो की माझ्या वडिलांना परत आण, कारण त्याने एका मेलेल्या पोलिसाला जिवंत करताना क्लाटूला पाहिलंय. क्लाटू नाही म्हणतो. मुलगा कोसळतो, हेलन त्याला जवळ घेते, आणि हे पाहून क्लाटूचं मन पालटतं. प्रसंग म्हणून तो वाईट नाही. हेलन झालेली जेनिफर कॉनेली आणि जेकब झालेला जेडन स्मिथ, दोघांनी मनापासून काम केलंय. पण अख्ख्या मानवजातीचा निकाल या एका मिठीवर टांगलाय. माणसं आपल्या माणसांसाठी रडतात, हे तर माणूस पृथ्वीचा नाश करत होता तेव्हाही खरंच होतं. आरोप पर्यावरणाचा होता, बचावात दुःख सादर झालं. प्रेक्षक हे तर्काने मांडत बसत नाही, पण त्याला आतून लागतं की काहीतरी जुळलं नाही. तुमच्या मनातून चित्रपट पुसट झाला त्याचं मोठं कारण हे आहे, असं माझं मत आहे.

तिसरा सांधा तीन शब्दांचा. ‘क्लाटू बराडा निक्टो’. या शब्दांचा अर्थ चित्रपट कधीच सांगत नाही, आणि ते फार छान आहे. १९५१मध्ये क्लाटू हे शब्द हेलनला शिकवून ठेवतो: मला काही झालं तर गॉर्टला जाऊन हे सांग. त्याला गोळी लागते. आता ती एकटी, रात्र, आणि समोरून चालत येणारा तो धातूचा पुतळा. हेलनचं काम करणारी पट्रिशिया नील मागे मागे सरकते, पडते, किंचाळते, शब्द घशात अडकतात, आणि शेवटी ती ते उच्चारते. पृथ्वी वाचते ती या क्षणी, भ्यायलेल्या एका सामान्य स्त्रीमुळे. शास्त्रज्ञ आणि सेनापती तिथे कोणीच नसतात. २००८मध्ये हेलनला अवकाशजीवशास्त्रज्ञ केलंय, पद मोठं दिलंय, आणि हे तीन शब्द मात्र तिच्याकडून काढून घेतले. ते सुरुवातीलाच क्लाटू स्वतः उच्चारतो, तेही इतक्या विरूप आवाजात की कळायला कान द्यावा लागतो. हेलनच्या वाट्याला उरतं ते ‘आम्ही बदलू शकतो’ असं पुन्हा पुन्हा सांगणं. पद वाढलं, कृती गेली. पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही दोन पात्रं शेजारी ठेवून पाहावीत, इतकं मला याबद्दल कळकळीने वाटतं.

आता गॉर्ट, कारण तुमच्या प्रश्नात मुख्य तोच होता. जुन्या गॉर्टच्या पोशाखात लॉक मार्टिन होते, सात फुटांहून उंच. पोशाख दोन होते, एकाची शिवण पुढे आणि एकाची मागे, म्हणजे कॅमेरा कुठेही असला तरी शिवण दिसू नये. मार्टिन यांच्या अंगात फारशी ताकद नव्हती, त्यामुळे नील यांना उचलण्याच्या शॉटमध्ये तारांचा आधार घ्यावा लागला. या सगळ्या मर्यादांमुळे गॉर्ट बहुतेक वेळ नुसता उभा असतो. आणि उभं राहणं हाच त्याचा दरारा झाला. त्याच्या हल्ल्याला एक ठरलेली चाल आहे: चेहऱ्यावरची झडप हळूच वर जाते, आत काहीतरी लुकलुकतं, मग किरण. झडप वर जाताना प्रेक्षक श्वास धरतो. संकलकाच्या भाषेत सांगायचं तर कट करायला जागा मिळते. झडप, सैनिकाचा चेहरा, पुन्हा झडप. भीती त्या मधल्या चेहऱ्यात असते.

नवा गॉर्ट २८ फुटांचा आहे आणि काम वेटा डिजिटल या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कंपनीचं, तेव्हा कारागिरीत खोट काढायला जागा नाही. पण पुढे तो विरघळून किड्यांसारख्या यंत्रांचा ढग होतो. कल्पना तशी वाईट नाही, माणसाने टोळधाडीसारखी पृथ्वी खाल्ली म्हणून त्यालाही टोळधाडीनेच खावं. पण ढगाला चेहरा नाही आणि झडपही नाही. तो सुरू कुठे झाला आणि पोचला कुठे हे सांगणारी खूण त्याच्यात नाही, म्हणून पाहणारा वाट पाहू शकत नाही. फक्त पाहत राहतो. ट्रक जातो, अख्खं स्टेडियम जातं, आणि दोन्हींचं वजन सारखंच वाटतं.

संगीताबद्दल थोडक्यात. बर्नार्ड हरमन यांनी जुन्या चित्रपटात नेहमीचा तंतुवाद्यांचा ताफा बाजूला ठेवला आणि दोन थेरेमिन वापरले. या वाद्याला वाजवणारा स्पर्शच करत नाही, हवेत हात हलवून स्वर काढतो. पाहुण्याचा आवाज असा कुणीही न छेडलेला असावा, यापेक्षा नेमकं काय सुचणार? टायलर बेट्स यांचं नवं संगीत प्रसंगाला धरून चालतं, पण चित्रपट संपल्यावर त्यातला स्वर माझ्याबरोबर घरी आला नाही.

नव्यातलं एक दृश्य मात्र मी वर्गात आवर्जून दाखवतो. क्लाटू एका वृद्ध माणसाला भेटतो. तोही त्याच्यासारखाच परग्रहावरून आलेला, माणसांत सत्तर वर्षं राहिलेला. भूमिका जेम्स हाँग यांची. दोघं टेबलाशी बसून चिनी भाषेत बोलतात. म्हातारा सांगतो की ही माणसं विनाशक आहेत आणि बदलायची नाहीत, आणि तरीही मी परत येणार नाही, मला यांच्यातच मरायचंय, कारण माझं यांच्यावर प्रेम जडलंय. ना ढग, ना गोल. दोन चेहरे आणि सावकाश कट. माणसाच्या बाजूने संपूर्ण चित्रपटात दिलेली ही सगळ्यात भारी साक्ष आहे, कारण ती देणाऱ्याने सत्तर वर्षं खर्च केली आहेत. हा चित्रपट याच दृश्याभोवती बांधला असता तर आज मी वेगळं उत्तर लिहीत असतो.

आणि जुना निर्दोष आहे असं कुणी समजू नये. त्याचा शेवटचा संदेश नीट ऐका: आक्रमण करणाऱ्याला जागीच संपवण्याचा संपूर्ण, परत न घेता येणारा अधिकार या पाहुण्यांनी यंत्रमानवांच्या हाती दिलाय, आणि त्यालाच ते शांतता म्हणतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हे भाषण उदात्त वाटलं होतं. आता अंगावर काटा येतो. गॉर्ट क्लाटूला जिवंत करतो तिथे सेन्सॉरच्या आग्रहावरून, जीवन-मरणाची सत्ता परमात्म्याचीच, अशा अर्थाचं वाक्य घातलं गेलं. ते आजही ठिगळासारखं दिसतं.

रिमेक म्हटला की फसणारच, असाही समज करून घेऊ नका. त्याच १९५१ साली ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ आला. आर्क्टिकमधल्या तळावर वनस्पतीपासून घडलेला राक्षस, आणि त्याच्याशी एकदिलाने लढणारी माणसं. जॉन कार्पेंटर यांनी १९८२मध्ये ‘द थिंग’ केला तेव्हा ते मूळ १९३८च्या जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या कथेकडे परत गेले: जीव कुणाचंही रूप घेतो, म्हणून शेजारचा माणूस माणूसच आहे याची खात्री नाही. प्रश्न बदलला, ‘याला मारायचं कसं’ऐवजी ‘आपल्यातला तो कोण’. आणि मग सगळंच बदललं. आर्क्टिकचं अंटार्क्टिका झालं, एकी जाऊन संशय आला, आणि मेकअप-इफेक्ट्सचे कारागीर रॉब बॉटिन यांनी घडवलेले ते भयानक देह आले, जे फक्त कुणाचं तरी सोंग उघडं पडतं तेव्हाच फुटून बाहेर येतात. रक्ताच्या चाचणीचा प्रसंग पाहा. तापलेली तार एकेका बशीतल्या रक्ताला लागते आणि प्रत्येक वेळी कट चेहऱ्यांवर जातो. १९८६चा डेव्हिड क्रोननबर्ग यांचा ‘द फ्लाय’ही तसाच. १९५८च्या मूळ चित्रपटात शास्त्रज्ञ एका झटक्यात माशी-माणूस होतो. क्रोननबर्गने तेच हळूहळू, आठवड्यांवर ताणलं, आणि भयकथेची आजारपणाची गोष्ट झाली. दोन्हीकडे प्रश्न बदलला आणि त्याच्यामागून हाडं-सांधेही बदलले.

तुम्ही शेवटी विचारलंत की मुलांना आधी कोणता दाखवावा. आधी १९५१चा, ९२ मिनिटांचा, एका बैठकीत. मग २००८चा. आणि मग जमलं तर हॅरी बेट्स यांची ‘फेअरवेल टू द मास्टर’ ही १९४०ची कथा वाचायला द्या, जिच्यावरून हे सगळं आलं. तिच्यात यंत्रमानवाचं नाव नट आहे, आणि अगदी शेवटी माणसांना कळतं की ते ज्याला पाहुण्याचा नोकर समजत होते तोच मालक होता. दोन्ही चित्रपटांनी हा शेवट सोडून दिला. तो पडद्यावर आणायला संगणक लागत नाही, की २८ फुटांचा पुतळाही. यंत्रमानवाचा एक शॉट, आणि त्याच्या तोंडचं एक वाक्य.